एका ओळीचा अर्थ : वाचनालयाच्या ॲक्सेस फाइलमधल्या चुकलेल्या बेरजांचं प्रकरण

वर्गणीच्या अहवालात एका सभासदाच्या नावापुढे २२,८०० रुपये छापून आले होते. पोस्टातून निवृत्त झालेले हे आजोबा दर तिमाहीला १५० रुपये भरतात. वर्षाच्या चार पावत्या, एकूण ६०० रुपये. ग्रंथपाल बाईंनी तो कागद माझ्यापुढे ठेवला. "अरे, हा आकडा असाच वर गेला तर मी काय उत्तर देऊ?"

वाचनालय तालुक्याच्या गावातलं. मी लहानपणी याच बाईंकडून बालविभागातली पुस्तकं नेत असे, त्यामुळे त्या मला अजून 'अरे तुरे' करतात आणि मी त्यांना बाई म्हणतो. माझा पोटापाण्याचा उद्योग डेटाबेसचा आहे. एप्रिल २०२३ मध्ये सुटीला गावी गेलो होतो, तेव्हा हे काम हाती आलं.

एप्रिल हा सार्वजनिक वाचनालयांसाठी हिशेबाचा महिना असतो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात, वर्गानुसार अनुदान मिळतं आणि त्यासाठी वर्षाचा अहवाल द्यावा लागतो : सभासद किती, ग्रंथ किती, देवघेव किती, वर्गणी किती. वाचनालयाची सगळी माहिती मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या, टेबलांत माहिती साठवणाऱ्या प्रोग्रामच्या एका फाइलमध्ये होती. हे चारही आकडे खरं तर त्या फाइलमधून एका मिनिटात निघायला हवे होते. बाई मात्र दरवर्षी दोन आठवडे बसून दाखल नोंदवही (प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक देणारी वही) आणि कीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) यांवरून हातानेच आकडे काढत. संगणकाचा आकडा त्या नुसता बघत आणि बाजूला ठेवत.

मला सगळ्यात जास्त टोचलं ते हे. रोज संध्याकाळी दोन तास काउंटरवर बसून भरलेली माहिती, आणि तिच्यावर भरणाऱ्याचाच विश्वास नाही.

२०२२-२३ च्या वर्गणीचे तीन आकडे समोर होते. कीर्द सांगत होती १,८६,४५० रुपये. फाइलमधल्या 'वर्गणी बेरीज' या फॉर्ममध्ये दोन तारखा टाकल्या की येत होते २,३१,९५०. आणि सभासदवार अहवालाची बेरीज तर कित्येक लाखांवर गेली होती. कीर्द पावती पुस्तकाशी ताडून झालेली होती, म्हणून तो आकडा मी खरा धरला. बाकीचे दोन त्याच्याशी रुपयाला रुपया जुळेपर्यंत थांबायचं नाही असं ठरवलं.

कामाला हात घालण्यापूर्वी

काउंटरवरचा संगणक आणि आतल्या खोलीतला संगणक, दोन्हीकडून एकच फाइल उघडली जात होती. म्हणून आधी दोन्हीकडे ॲक्सेस बंद केलं, फाइलची प्रत पेन ड्राइव्हवर घेतली, आणि पुढचे प्रयोग त्या प्रतीवर केले. उघड्या फाइलची प्रत घेऊ नये. अर्धवट लिहिलेली नोंद तशीच प्रतीत येऊ शकते.

फाइल काही वर्षांपूर्वी एका उत्साही सभासदाने विनामूल्य करून दिली होती. त्यात चार टेबलं : सभासद, पुस्तके, पावत्या, देवघेव. चौघांमध्ये एकही नातं, म्हणजे एका टेबलातली ओळ दुसऱ्यातल्या कुठल्या ओळीची हे सांगणारा दुवा, बांधलेलं नव्हतं. रिलेशनशिप्सची खिडकी उघडली तर ती कोरी. तरीही मी त्या माणसाला दोष देणार नाही. ॲक्सेसमध्ये टेबल करायला पाच मिनिटं लागतात आणि फॉर्म तयार करायला दहा. त्यातून रोजचं काम लगेच सुरू होतं. बेरजा मागायची वेळ पुष्कळ उशिरा येते.

मी बाईंशेजारी खुर्ची ओढली आणि प्रत्येक टेबल दाखवून एकच प्रश्न विचारत गेलो : "यातली एक ओळ म्हणजे काय?"

"सभासद? एक माणूस. एक कार्ड."

"पावत्या?"

"एक पावती फाडली की एक ओळ."

"देवघेव?"

"एक पुस्तक एकदा गेलं आणि एकदा आलं."

"पुस्तके?"

"एक दाखल क्रमांक. पाच प्रती असल्या तर पाच ओळी."

इतकी नेमकी उत्तरं मला मोठ्या कंपन्यांच्या बैठकांत मिळत नाहीत. बाईंना आपलं काम माहीत होतं. मग मी सभासदवार अहवालामागची क्वेरी, म्हणजे टेबलांतून हवी ती माहिती मागणारं वाक्य, उघडली, तिची बेरीज काढून टाकली आणि आजोबांच्या नावाच्या सगळ्या सुट्या ओळी पडद्यावर आणल्या. १५२ ओळी. "आणि बाई, यातली एक ओळ म्हणजे काय?"

बाई बराच वेळ बघत राहिल्या. "हे कशाचंच काही नाही."

२२,८०० कुठून आले

क्वेरीत सभासद टेबल मधे होतं. त्याला एका बाजूने पावत्या जोडलेल्या, दुसऱ्या बाजूने देवघेव. अहवाल करणाऱ्याला एका पानावर दोन गोष्टी हव्या होत्या : या सभासदाने वर्षात किती वर्गणी भरली आणि किती पुस्तकं नेली. मागणी रास्त आहे. पण आजोबांच्या ४ पावत्या आणि ३८ देवघेवी यांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही. कुठली पावती कुठल्या पुस्तकाची, असा प्रश्नच उद्भवत नाही. असा संबंध नसताना दोन्ही टेबलं एकाच क्वेरीत जोडली, की ॲक्सेस प्रत्येक पावतीची जोडी प्रत्येक देवघेवीशी लावतं. चार गुणिले अडतीस, एकशे बावन्न. प्रत्येक पावती ३८ वेळा मोजली गेली : ६०० गुणिले ३८ म्हणजे २२,८००. त्याच ओळीत नेलेली पुस्तकं ३८ ऐवजी १५२ दाखवली होती, पण तिकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. पैशाचा आकडा डोळ्यात भरतो, पुस्तकांचा भरत नाही.

ही चूक मी आजवर सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे. दुकानाच्या हिशेबात बिलं आणि जमा रकमा एकत्र जोडल्या की हेच होतं, शाळेत हजेरी आणि फी एकत्र जोडली की हेच. आणि ही चूक कधीकधी मुळीच दिसत नाही. ज्या सभासदाने वर्षात एकच पुस्तक नेलं त्याची वर्गणी बरोबर येते. ज्याने एकदाच पावती फाडली त्याची पुस्तकं बरोबर येतात. करून बघताना माणूस नेमकी अशीच दोन-तीन सोपी उदाहरणं घेतो.

आधी कोणीतरी यावर एक उपाय करून पाहिला होता. 'डिस्टिंक्ट' लावलेली एक क्वेरी फाइलमध्ये पडून होती. तिने आजोबांची वर्गणी १५० दाखवली. कारण सरळ आहे : तिच्यात सभासद क्रमांक आणि रक्कम एवढेच रकाने होते, चारही पावत्या दीडशेच्या, म्हणून चार सारख्या ओळींची एक ओळ झाली. फुगलेला आकडा एकदम आटला आणि तोही चुकला. डिस्टिंक्टला सारख्या दिसणाऱ्या ओळी कळतात. सारख्या दिसणाऱ्या दोन ओळी खरोखर दोन घटना असू शकतात, हे त्याला कळत नाही.

खरा उपाय म्हणजे जोडण्याआधी बेरीज करणं. मी दोन छोट्या क्वेऱ्या केल्या. पहिली फक्त पावत्यांवर : सभासद क्रमांकाने गट, रकमेची बेरीज. तिची एक ओळ म्हणजे एक सभासद. दुसरी फक्त देवघेवीवर : सभासद क्रमांकाने गट, ओळींची मोजणी. तिचीही एक ओळ म्हणजे एक सभासद. मग तिसऱ्या क्वेरीत सभासद टेबलाला या दोन क्वेऱ्या जोडल्या. आता सगळीकडे एका सभासदाची एकच ओळ असल्याने कशाचाही गुणाकार होत नाही. आजोबांपुढे ६०० आणि ३८ आले.

हे एकाच मोठ्या क्वेरीत आतल्या आत लिहिता येतं. पण मी मुद्दाम तीन वेगळ्या ठेवल्या आणि त्यांना मराठी नावं दिली. मी पुण्याला परतल्यावर बाईंना प्रत्येक क्वेरी उघडून पाहता यावी, कुठला आकडा कुठून आला हे शोधता यावं, एवढाच हेतू.

जे सभासद गायब होते

बेरीज अजून जुळत नव्हती. आता ती कीर्दीपेक्षा कमी येत होती, आणि यादीत सभासदही कमी होते. वर्षभर वर्गणी भरून एकही पुस्तक न नेलेली माणसं दर वाचनालयात असतात. कोणी वर्तमानपत्रं वाचायला येतं, कोणी निव्वळ संस्थेवरच्या मायेने पैसे भरतं. माझ्या तिसऱ्या क्वेरीतल्या साध्या जोडणीत दोन्ही बाजूंना नोंद असेल तरच ओळ येते, म्हणून देवघेव नसलेली ही मंडळी वर्गणीसकट गळली होती.

जोडरेषेवर दोनदा क्लिक करून 'सभासदांमधल्या सगळ्या ओळी' हा पर्याय निवडला की लेफ्ट जॉइन होतो. हे जुन्या क्वेरीतही केलेलं होतं. मग तिच्यातूनही माणसं का गळत होती? कारण खाली क्रायटेरियाच्या ओळीत देवघेवीच्या तारखेवर अट होती : या वर्षातली. लेफ्ट जॉइन देवघेव नसलेल्या सभासदाची ओळ आणतो, पण तिच्यात तारखेची जागा रिकामी असते. अट लागते जोडणीनंतर. रिकामी तारीख या वर्षातली ठरत नाही, म्हणून ओळ बाद. एका हाताने आत घेतलेलं दुसऱ्या हाताने बाहेर काढलं.

उपाय वरच्या मांडणीतच होता. वर्षाची अट मी आतल्या छोट्या देवघेव क्वेरीत टाकली, म्हणजे आधी गाळणी आणि मग जोडणी. जिथे काहीच मिळालं नाही तिथे रिकाम्या जागेऐवजी शून्य यावं म्हणून 'एनझेड' हे फंक्शन लावलं. ते लावलं नाही तर रिकाम्यात काहीही मिळवलं तरी उत्तर रिकामंच येतं, आणि अशी एक रिकामी जागा पुढचं सगळं सूत्र गिळते.

तारखेचं कोडं

आता राहिला दुसरा आकडा, फॉर्ममधला २,३१,९५०. याच्यात कसलीही जोडणी नव्हती. एकटं पावत्यांचं टेबल आणि दोन तारखांमधली बेरीज. फॉर्मवर बाईंनी टाकलं होतं ०१/०४/२०२२ पासून ३१/०३/२०२३ पर्यंत. तरी ४५,५०० रुपये जास्त.

या ठिकाणी माझी एक अख्खी दुपार गेली, पण ती गेल्याचं वाईट वाटत नाही. फॉर्ममागचा कोड तारखेचा मजकूर जसाच्या तसा उचलून, दोन्ही बाजूंना हॅशचं चिन्ह लावून क्वेरीच्या वाक्यात चिकटवत होता. ॲक्सेसची क्वेरीची भाषा अशी तारीख अमेरिकी क्रमाने वाचते : आधी महिना, मग दिवस. संगणकावर भारतीय पद्धत लावलेली असली तरी त्या वाक्यावर तिचा परिणाम होत नाही. त्यामुळे ०१/०४/२०२२ म्हणजे १ एप्रिल न राहता ४ जानेवारी झाला. आणि शेवटची तारीख? ३१ वा महिना नसतो, म्हणून ॲक्सेसने समजूतदारपणे तो दिवस धरला आणि ३१/०३ चा अर्थ ३१ मार्च असा बरोबर लावला. सुरुवात चुकीची, शेवट बरोबर, आणि चुकीचा कसलाही संदेश नाही. ४ जानेवारी ते ३१ मार्च २०२२ च्या पावत्या गुपचूप नव्या वर्षात आल्या. त्यांची बेरीज मी वेगळी काढली : ४८,२५०.

महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत चुकायचं आणि तेराव्या दिवसापासून बरोबर चालायचं, अशी ही चूक असते. फॉर्म करणाऱ्याने तो १५ तारखेला करून पाहिला असेल तर त्याला ती दिसणं शक्यच नव्हतं. शिवाय क्वेरीच्या डिझाइन जाळीत हाताने तारीख टाकली तर ॲक्सेस ती संगणकाच्या पद्धतीप्रमाणेच घेतं आणि आतल्या वाक्यात क्रम स्वतः बदलून ठेवतं. म्हणजे जाळीत बरोबर, कोडमध्ये चूक. माणूस चक्रावणारच.

मी कोडमध्ये तारखेला 'फॉरमॅट' लावून वर्ष-महिना-दिवस असा क्रम दिला. २०२२-०४-०१ या लिखाणाचे दोन अर्थ होऊच शकत नाहीत. क्वेरीला तारखेच्या जातीचा पॅरामीटर (बाहेरून मूल्य घेणारी जागा) जाहीर करून मूल्य तिकडून पाठवणं हा याहूनही चांगला मार्ग आहे. नवीन फॉर्ममध्ये मी तोच वापरला.

आकडा आला १,८३,७००. आता कीर्दीपेक्षा २,७५० ने कमी.

"३१ मार्चचे पैसे बघ," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी गर्दी होती. थकलेली वर्गणी भरायला लोक शेवटच्याच दिवशी येतात."

बरोबर निघालं. पावतीच्या तारखेची आपोआप भरली जाणारी किंमत 'नाऊ' होती, 'डेट' नव्हे. नाऊमध्ये घड्याळाची वेळही असते. ॲक्सेस तारीख एका दशांश संख्येच्या रूपात साठवतं : ३० डिसेंबर १८९९ हा शून्य दिवस धरून पुढे किती दिवस गेले ते पूर्णांकात, आणि दिवसाचा किती भाग उलटला ते अपूर्णांकात. ३१ मार्च २०२३ म्हणजे ४५०१६. त्या दिवशी सकाळी १० वाजून ४८ मिनिटांनी फाडलेली पावती म्हणजे ४५०१६.४५. आणि दोन तारखांमधलं मागणाऱ्या 'बिट्वीन' या अटीची वरची मर्यादा होती नुसती ४५०१६, म्हणजे ३१ तारखेची मध्यरात्र सुरू होतानाचा क्षण. दिवस उजाडल्यानंतरची प्रत्येक पावती मर्यादेबाहेर. रकान्याला फक्त तारीख दिसेल असं रूप दिलेलं होतं, म्हणून वेळ पडद्यावर कधी दिसलीच नाही.

अट बदलून मी '१ एप्रिल २०२२ किंवा नंतर, आणि १ एप्रिल २०२३ च्या आधी' अशी केली. ही मांडणी वेळ असो वा नसो, दोन्हीकडे चालते, म्हणून मी सगळीकडे हीच लिहितो. २,६०० रुपये परत आले. आता आकडा १,८६,३००. उरला दीडशेचा फरक.

बाई म्हणाल्या, "दीडशेचं राहू दे आता." मी म्हटलं, नाही बाई, तो सापडल्याशिवाय मी जात नाही.

एकही पुस्तक पडून नाही?

दीडशे रुपये शोधण्याआधी दुसरंच एक निघालं, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात वाचनालयाच्या दृष्टीने ते सगळ्यात महत्त्वाचं होतं.

कार्यकारी मंडळाने मागच्या वर्षी विचारलं होतं : एकदाही बाहेर न गेलेली पुस्तकं किती? खरेदीचा पैसा कुठे वाया जातो ते बघायचं होतं. फाइलमध्ये त्यासाठी क्वेरी होती : पुस्तकांमधले ते दाखल क्रमांक द्या, जे देवघेवीच्या दाखल क्रमांकांत नाहीत. 'नॉट इन' वापरून लिहिलेली, वाचायला अगदी स्वच्छ. उत्तर आलं : शून्य ओळी. मंडळाने समाधान मानलं आणि त्याच धर्तीवर पुढची खरेदी केली.

देवघेवीत एका ओळीत दाखल क्रमांक रिकामा होता. फॉर्म अर्धवट भरून कोणीतरी बंद केला असणार. त्या एका ओळीने सगळी क्वेरी मारली. रिकामी जागा म्हणजे ॲक्सेसच्या, किंबहुना बहुतेक रिलेशनल डेटाबेसच्या हिशेबी शून्य नव्हे, कोरा शब्दही नव्हे. ती आहे 'माहीत नाही'. आता विचारलं, की ५१२ क्रमांकाचं पुस्तक या यादीत नाही ना? यादीत एक 'माहीत नाही' आहे, ते कदाचित ५१२ असेलही. म्हणून खात्रीने 'नाही' म्हणता येत नाही, आणि खात्री नसलेली ओळ क्वेरी दाखवत नाही. हे बाहेर न गेलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या बाबतीत घडतं. उत्तर शून्य.

मी तीच यादी लेफ्ट जॉइनने काढली : सगळी पुस्तकं घ्या, देवघेव जोडा, आणि जिथे देवघेवीचा क्रमांक 'इज नल' आहे तेवढीच ठेवा. यादी पानामागून पान येत राहिली. बाई कितीतरी वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी लाल पेन घेतलं आणि संदर्भग्रंथांवर खुणा करायला लागल्या, कारण संदर्भग्रंथ नियमानेच बाहेर जात नाहीत. ते वगळूनही यादी मोठी होती. कथासंग्रह, प्रवासवर्णनं, शेतीवरची पुस्तकं. काही उत्तम पुस्तकं वरच्या फळीवर होती, जिथे हात पोचत नाही. ती त्याच संध्याकाळी खाली आली.

रिकाम्या जागेच्या बाबतीत आणखी एक सांगून ठेवतो : 'बरोबर नल' अशी अट लिहू नये. 'माहीत नाही' ची बरोबरी कशाशीच होत नाही, 'माहीत नाही' शीसुद्धा नाही. 'इज नल' च लिहावं लागतं.

घडी नव्याने

क्वेऱ्या दुरुस्त झाल्या, पण मुळात टेबलं तशीच राहिली तर वर्षभरात पुन्हा हेच झालं असतं. म्हणून पुढचे चार दिवस रचनेवर घातले.

सभासद टेबलात पुस्तक१, पुस्तक२ आणि मासिक असे तीन रकाने होते, सध्या त्या माणसाकडे काय आहे ते दाखवणारे. तीच माहिती देवघेवीतही होती : परत आल्याची तारीख रिकामी असलेली ओळ म्हणजे बाहेर असलेलं पुस्तक. एकच गोष्ट दोन जागी लिहिली की दोन जागा कधीतरी वेगळं बोलतात. इथे परतीच्या फॉर्मने सभासदाचा रकाना पुसला होता, पण काही वेळा देवघेवीत तारीख टाकली नव्हती. त्यामुळे न परतलेल्या पुस्तकांच्या दोन याद्या निघत आणि त्या जुळत नसत. शांतपणे पुस्तक परत केलेल्या माणसाला विलंब शुल्काची चिठ्ठी जात असे. शिवाय अमुक पुस्तक कोणाकडे आहे हे शोधायला तिन्ही रकान्यांत बघावं लागे, आणि उद्या तीन पुस्तकं द्यायचं ठरलं तर चौथा रकाना. मी युनियन क्वेरीने तीन रकाने एकाखाली एक आणले, देवघेवीशी ताडले, आणि न जुळणारी प्रत्येक नोंद बाईंनी फळीवर जाऊन तपासली. मग ते रकाने काढून टाकले.

दाखल क्रमांक ऑटोनंबर होता. हे बदलायलाच हवं होतं. ऑटोनंबर हा संगणकाने स्वतःपुरता लावलेला क्रमांक आहे. नोंद अर्धी टाकून रद्द केली तरी तो खर्च होतो, आणि मधे खाच पडते. दाखल नोंदवहीत मात्र खाच म्हणजे प्रश्न : त्या क्रमांकाचं पुस्तक कुठे गेलं? लेखापरीक्षणात यावरून बाईंना बोलणी खावी लागली होती, कधीच अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांसाठी. आता ऑटोनंबर आत लपलेला आहे, केवळ टेबलं जोडण्यासाठी. दाखल क्रमांक हा वेगळा, संख्येच्या जातीचा, पुन्हा न येणारा रकाना आहे आणि तो बाई नोंदवहीतून बघून टाकतात. तो पूर्वी कधीतरी मजकुराच्या जातीचा केला असता तर १ नंतर १० आणि १०० येऊन मग २ आला असता, तेही टळलं.

ग्रंथ आणि प्रत हे वेगळे केले : नाव, लेखक, प्रकाशक ग्रंथात एकदा, दाखल क्रमांक, किंमत, फळी प्रतीत. यावर जास्त लिहीत नाही, कारण बाईंना ते सांगायची गरज पडली नाही. "म्हणजे आपली तालिका कार्डं," एवढंच त्या म्हणाल्या.

मराठीच्या लिखाणाने मात्र वेळ घेतला. जुन्या काही हजार नोंदी एका जुन्या फॉन्टमध्ये होत्या. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसते, पण फाइलमध्ये साठलेली असतात इंग्रजी अक्षरं. फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती गिचमिड दिसते, आणि अकारविल्हे लावली तर क्रम इंग्रजी अक्षरांप्रमाणे लागतो. त्या युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणल्या. तरी गावाच्या रकान्यात कराड, कऱ्हाड, कर्हाड असं सगळं होतं. आणि डोळ्यांना तंतोतंत सारखा दिसणारा 'ऱ्ह' सुद्धा युनिकोडमध्ये दोन रीतींनी टंकता येतो : ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, किंवा साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह लावून. 'ॲ' चंही तसंच. २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत त्याला स्वतःचा क्रमांक मिळाला. त्याआधी लोक अ वर चंद्र जोडून भागवत. मराठी नावांवर टेबलं जोडायची म्हणजे या सगळ्यावर विसंबायचं. म्हणून गावांचं वेगळं टेबल केलं, प्रत्येक गावाला क्रमांक दिला, आणि सभासदाच्या फॉर्मवर गाव टंकण्याऐवजी यादीतून निवडायचं ठेवलं. ही यादी फॉर्मवर आहे, टेबलाच्या रकान्यात नाही. टेबलातच अशी यादी (लुकअप) लावली तर दिसतं गावाचं नाव आणि साठतो क्रमांक, आणि मग क्वेरीत 'कराड' लिहून काहीच का सापडत नाही हे कोणाला कळत नाही.

नाती बांधताना ॲक्सेसने आधी नकार दिला. देवघेवीत असे दाखल क्रमांक होते जे पुस्तकांत नव्हते : गहाळ झालेली किंवा फाटून बाद केलेली पुस्तकं कोणीतरी टेबलातून थेट पुसली होती. ती दाखल नोंदवहीवरून परत भरली आणि प्रतीला 'स्थिती' असा रकाना दिला : फळीवर, बांधणीला, गहाळ, बाद. यापुढे पुसायचं काहीच नाही, स्थिती बदलायची. नातं बांधताना 'मूळ नोंद पुसली की संबंधित नोंदीही पुसा' हा चौकोन मी रिकामा ठेवला. एका चुकीच्या क्लिकमध्ये एखाद्या सभासदाचा वीस वर्षांचा वाचनाचा इतिहास जाऊ नये.

शेवटी फाइलचे दोन भाग केले. टेबलांची फाइल काउंटरच्या संगणकावर, आणि फॉर्म, क्वेऱ्या, अहवाल यांची एकेक प्रत दोन्ही संगणकांवर. रोज बंद करताना टेबलांच्या फाइलची तारखेच्या नावाने प्रत निघते.

दीडशे रुपये

जायच्या आदल्या संध्याकाळी मी पावत्यांवर दोन क्वेऱ्या चालवल्या. वर्षाच्या आतल्या पावत्या किती, आणि वर्षाबाहेरच्या किती. दोन्हींची बेरीज टेबलातल्या एकूण ओळींपेक्षा एकने कमी आली. एक पावती आतही नव्हती आणि बाहेरही नव्हती. 'इज नल' लावताच ती समोर आली : तारीख रिकामी, रक्कम १५०. नाऊ आपोआप तारीख भरत असलं तरी भरलेली तारीख पुसता येत होती, आणि कधीतरी ती पुसली गेली होती.

बाईंनी पावती क्रमांक बघितला, कपाटातून त्या गठ्ठ्याचं पावती पुस्तक काढलं आणि स्थळप्रत उलटत गेल्या. १२ ऑगस्ट २०२२. त्यांनी स्वतः ती तारीख टंकली. फॉर्मवर बेरीज आली १,८६,४५०.

मी टेबल डिझाइनमध्ये उघडलं, तारखेच्या रकान्याला 'रिक्वायर्ड' (भरणं सक्तीचं) चं 'येस' केलं, नाऊच्या जागी डेट लिहिलं आणि जतन केलं. ॲक्सेसने विचारलं, आधीच्या सगळ्या नोंदी या नव्या नियमावर तपासून बघू का? बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि 'येस' दाबलं. एकही ओळ अडली नाही.